ओटा मना

ता. १ जानेवारी १९३४, सकाळ
नव्या वर्षाचा निश्चय: रोज घरातल्या एकेकाच्या मनाची विचारपूस. बायकोला, भिकुबाईला विचारले, मन कसे आहे? म्हणाली, गुडघा ठणकस. तिला गुडघ्याचे विचारलेच नव्हते. भावजय पुष्पाबाई माझ्यासमोर बोलत नाही, म्हणून मधल्या भिंतीला विचारले. भिंत खोकली. म्हैस बरी आहे. धाकटा भाऊ हिलाल याला विचारले नाही. तो कायम मजेत असतो, माझी तक्रार तीच आहे. माझे स्वतःचे मन निरोगी. फक्त हिलाल हसला की कानामागे ठणका.

ता. ३
चाळीसगावच्या वाचनालयातून मानसशास्त्रावरची लेखमाला आणली. तीन अंक मिळाले. चौथ्यात काय असेल ते माझे मला कळले. थिअरी अशी: विचार म्हणजे ओठ मिटून केलेले बोलणे. बोली वाकडी, तर विचार वाकडा. हिलाल जन्मभर अहिराणीत विचार करत आला. म्हणूनच वडिलांनी दोघांत ठेवलेला ओटा त्याला एकट्याचा वाटतो. रोज संध्याकाळी शेजारच्या झुलालला घेऊन तिथे बसतो, नि मी आत वाचायला लागलो की हसतो.
आजपासून घरात शुद्ध मराठी. विचारसुद्धा शुद्ध.

ता. ४
भिकुबाईला बजावले, 'शे' म्हणायचे नाही, 'आहे' म्हणायचे. ऐकून घेतले. दुपारी जेवणाचे विचारले तर म्हणाली, बठ्ठं तयार शे, पन तुमना 'आहे' अजून चुल्हावर शे, शिजना की वाढसू.
सायन्सची थट्टा करू नये, असे सांगणार होतो. भूक लागली होती.

ता. ७
भिंतीवर गेरूने ठळक लिहिले: 'ओटा बसण्यास मना आहे.' मना म्हणजे मनाई. कचेरीची भाषा. ती वाचली की वाकडा विचार आपोआप उठून उभा राहतो.

ता. ८
हिलालने चुन्याचे बोट फिरवले. 'बसण्यास' गेले. 'आहे' पुसून तिथे 'शे' लिहिले. आता भिंत म्हणते: ओटा मना शे. आमच्या बोलीत मना म्हणजे माझा. हिलाल नेमका त्याखाली बसतो, येणारेजाणारे थांबून वाचतात. झुलालने विचारले, भाऊ, अक्षर तुमनंच शे ना? मंग तुम्हीच लिखी दिधा का ओटा हिलालले?

ता. ९
एक्सपेरिमेंट सुरू. शब्द मिळाला नाही तर विचार वाळतो. म्हणून हिलालशी अबोला. दोनचार दिवसांत ओटा त्याच्या डोक्यातून गळेल.

ता. १५
गळलेला नाही. हिलाल उलट जास्तच बोलतो. बहुधा जुना साठा असेल.

ता. २१
भिकुबाईची कुरकुर: दिवसभर तुमना ओठ हालतस, जेवतांना बी. मी सांगितले, शुद्ध चिंतन. तर म्हणे, चिंतनमा हिलालले इतल्या शिव्या? आनि त्या बी अहिराणीमा?
बायकोला ओठ वाचता येतात, हे थिअरीत नव्हते.

ता. २ फेब्रुवारी
प्रूफ मिळाले. हिलाल आणि पुष्पाबाई सावद्याला लेकीकडे निघाले. तिच्या केळीच्या बागेला माणूस हवा आहे. कधी परतणार, सांगितले नाही. जाताना ओट्याशी थांबून 'भाऊ' म्हणाला. मी एक्सपेरिमेंट मोडला नाही. गाडी गेली. ओटा माझा.

ता. ३
ओट्यावर बसलो. प्रशस्त आहे. झुलाल आला, हिलाल नही का, म्हणाला, नि गेला.

ता. ११
वाचन होत नाही. हसण्याचा व्यत्यय नाही, तरी तीच ओळ पुन्हा पुन्हा. चौथा अंक मिळाला. लेखक म्हणतो, मनातले बोलणे हे बहुतेक वेळा कुणाला तरी दिलेले उत्तर असते. लेखकाचा अभ्यास कमी दिसतो.

ता. १२
भिकुबाई म्हणते, आज ओठ हालले नाहीत. कपाळाला हात लावून पाहिला. ताप नाही.

ता. १४
सावद्याला कार्ड. मायना शुद्ध मराठीत जमला, पुढे शब्द येईना. अखेर आले तसे लिहिले:
हिल्या, ओटा मना शे, हाई ध्यानमा ठेव. पन भित मी पुशेल नही. तू हासस नही, ते माले वाचानं सुचस नही. तुले काय म्हननं शे ते लवकर लिखी धाड.