आमच्या घराचा माणशी धूर

तीर्थरूप ताई,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे तुझं ऐकतात का? भावोजी अजून टीव्हीवरच्या बातम्यांशी भांडतात का? (भांडू देत, त्यांची छाती मोकळी होते.) माझी तब्येत ठणठणीत आहे. विचारणारं कोणी नसल्यामुळे बिघडून तिला काही मिळत नाही.

पत्रास कारण की, मी भलत्याच मानाच्या संकटात सापडलोय. आमचं गाव हल्ली जोरात प्रगती करतंय. नवा कारखाना आला, पगार वाढले, आणि घरोघरी एसी असे लागले की गल्लीतून चालताना दोन्ही बाजूंनी गरम वारा अंगावर येतो. तर कोणत्या घरात माणशी किती वीज नि गॅस जळतो, त्याचा धूर किती होतो, हे मोजायला नगरपालिकेनं एक बाई पाठवल्या. त्यांनी मीटर पाहिला, सिलिंडर हलवून पाहिला आणि विचारलं, "घरात माणसं किती?" मी म्हणालो, "चार."

ताई, खोटं बोलायचं म्हणून नाही गं. इतकी वर्षं हेच उत्तर देत आलोय, तोंडातून आपसूक गेलं. शिवाय तुझी भावजय जाऊन वर्ष उलटलं, तरी तिला वजा करून आकडा मोठ्यानं सांगायची वेळ अजून आली नव्हती. (तुला सांगायला लाज कसली?) मग मी तो सुधारलाही नाही. चार म्हटल्यावर घर जरा भरल्यासारखं वाटलं, आणि त्या आनंदात मी बाईंना चहा केला, वर मुलांच्या पगारांचं कौतुकही ऐकवलं.

बाईंनी चारानं भागलं आणि सगळ्यांत कमी धुराचं म्हणून आमचं घर गावात पहिलं आलं! परवा त्या आपल्या साहेबांनाच घेऊन आल्या. साहेबांचं म्हणणं असं की देश वर चढतो तसा धूरही वर चढतो, आपल्यासारख्या देशांचं हेच दुखणं आहे. तुमच्याकडे मात्र दोन्ही मुलं शिकून मोठ्या पगारावर लागली आणि धूर उलट घटला, हे साधलंत कसं? काय डोंबल सांगणार! मुलगा राजधानीत एसीत बसतो, मुलगी परदेशातून विमानानं ये-जा करते (त्यात येणं कमीच). आमचा धूर घटला नाही, मुलांबरोबर बिऱ्हाड हलवून गेला. पण साहेब इतक्या आदरानं बघत होते की मी नुसती मान डोलावली. ज्यानं उभी हयात वीजकेंद्राच्या भट्टीत कोळसा लोटला, त्याला आता स्वच्छ हवेचं पदक! महिनाअखेरीस समारंभ आहे, आणि सहकुटुंब, म्हणजे चौघांनी, मंचावर यायचं आहे.

मुलांना फोन केला. मुलाची मीटिंग आहे. मुलगी म्हणाली, बाबा, पदकाचा फोटो नक्की पाठवा. दोघांचंही बरोबर आहे, रजा काय झाडाला लागतात? पण फोन ठेवल्यावर फार एकटं वाटलं, हे खरं.

भावोजींना नमस्कार. हे पत्र त्यांना वाचून दाखवू नकोस, आठवडाभर हसत सुटतील.

तुझा,
धाकटा

ता. क. तू, भावोजी आणि तुझी सून असे तिघं समारंभाला याल का? भावोजींना माझा मुलगा म्हणून उभं करणं जरा अवघड आहे, पण टोपी घालून मागच्या रांगेत राहिले तर खपून जातील.

ता. क. पुन्हा. टोपी नको. आत्ताच त्या बाईंना फोन करून खरं सांगून टाकलं. बाई हळूच म्हणाल्या, "काका, आता एकानं भागावं लागेल हो." भागलं. गल्लीत सगळ्यांत जास्त धूर माझा! त्यांना कळेना, एकटा माणूस एवढी वीज जाळतो तरी कुठे? त्यांना नाही सांगितलं, तुला सांगतो. संध्याकाळी फिरायला निघताना मी मुलांच्या खोल्यांतले दिवे लावतो, स्वयंपाकघरातला लावतो, पंखेही सोडतो. परत येताना रस्त्यावरून बघितलं की घरात सगळे आहेत असं वाटतं. पदक तर गेलं, पण तू ये. त्या दिव्यांखाली एकदा खरंच कोणीतरी बसलेलं बघू दे.