बाबांना ताप आलाय

३ सप्टेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र आईला कळू देऊ नकोस. ती आता दवाखान्यात नावं लिहून घ्यायला बसते, घरी येते तेव्हा पाय सुजलेले असतात.

आत्या, मी एक घोटाळा करून बसलेय. नव्या शाळेत बाबा गेल्याचं कुणालाच माहीत नाही. शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला मी सांगितलं, ते परगावी चष्म्याच्या काचा घासायचं नवं मशीन शिकायला गेलेत. मग ते वाढतच गेलं. परवा तर त्यांनी मला फोनवर हसवलं असंही सांगितलं. आता बाईंनी विचारलं, पुढच्या शुक्रवारी आपलं काम समजावून सांगायला कोणाचे बाबा येतील? माझा हात आपोआप वर गेला.

तू बाईंना चिठ्ठी लिही ना, बाबांना ताप आलाय म्हणून. तुझं अक्षर मोठ्या माणसासारखं आहे.

तुझी लाडकी (अजून असले तर),
भिंगरी

७ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

अक्षराचं कौतुक पोचलं. चिठ्ठी लिहायला बसलेही होते. माझ्या धाकट्या भावाला ताप आलाय, एवढं लिहिलं आणि वाटलं, खरंच नुसता तापच असता तर. कागद फाडला.

तुला रागवायचा मला हक्क नाही. तुझे आतोबा गेले तेव्हा त्यांच्या एका जुन्या मित्राचा लांबून फोन आला. मी म्हणाले, आंघोळीला गेलेत. पुढच्या वेळीही तेच. चार महिने! ते म्हणायचे, वहिनी, हा आंघोळ करतो की विहीर उपसतो? आम्ही हसायचो. मला बरं वाटायचं. निदान एका माणसापुरते तरी हे न्हाणीघरात होते.

शेवटी तोंडून खरं निघून गेलं. मला वाटलं, ते धीर देतील. ते चिडले. माझा मित्र गेला आणि तुम्ही मला हसवत बसलात, म्हणाले. महिनाभर फोन नाही. मग आला. आता आम्ही यांच्याबद्दल बोलतो, भांडतोही. त्या चार महिन्यांत मी यांच्याबद्दल कुणाशी एक खरं वाक्य बोलले नव्हते.

तेव्हा चिठ्ठी मिळणार नाही. आधी आईला सांग. ओरडली तर ओरडू दे.

लोभ आहेच, तुझ्या पत्रांवर तग धरून आहे.
तुझी आत्या

१६ सप्टेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आई ओरडली नाही, तेच वाईट झालं. एकच पातेलं घासत राहिली. मग म्हणाली, तिनेही दवाखान्यात कुणाला सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी बाईंना भेटलो. त्या म्हणाल्या, शुक्रवारी कुणी आलं नाही तरी चालेल. मैत्रीण मात्र जाम चिडली. फोनवर हसवलं तेही खोटं का, म्हणाली. मी हो म्हणाले. तिने आमच्या मध्ये दप्तर ठेवलं, तीन दिवस. मी तुझ्यावर फार चिडले होते.

काल मधल्या सुट्टीत तिने दप्तर उचललं आणि विचारलं, मग खरे बाबा कसे होते? मी सांगायला लागले. काच घासताना जीभ बाहेर काढायचे, बसमध्ये त्यांनाच उलटी व्हायची, गणितावरून फार रागवायचे. मध्येच मला रडू आलं. ती थांबली, मग म्हणाली, पुढे? घंटा झाली तेव्हा मी त्यांच्या आजारापर्यंत पोचलेच नव्हते. ती म्हणाली, राहिलेलं उद्या सांग.

त्यांच्या लहानपणचं मला काहीच माहीत नाही. लवकर लिही. सगळं चांगलंच असायला हवं असं नाही.

राग गेला, माया तेवढी राहू दे.
भिंगरी