माझी घागर रांगेतून काढावी

मी, पद्मजा दत्तात्रय वैरागकर, वय एकाहत्तर, समाजशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, राहणार शुक्रवार पेठ, सोलापूर, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कलम चार वाचून कुणाला शंका आलीच, तर दाखला पुन्हा वाचावा.

१. राहतं घर व बँकेतली शिल्लक माझी भाची सई हिला मिळावी. तिने घर विकलं तरी चालेल. खरं तर विकावंच.

२. पुस्तकं कॉलेजला. प्रा. शरच्चंद्र बोरामणीकर अर्थशास्त्राच्या जोरावर जन्मभर माझ्या विषयाला 'गप्पा' म्हणत आले. त्यांना आरामखुर्ची देणार होते, बसून गप्पा मारायला. पण साक्षीदाराला काही देऊ नये असं वकील म्हणतात. तेव्हा खुर्चीही कॉलेजला.

३. स्वयंपाकघरातली भांडी समोरच्या चंद्रिकाला. एक तांब्याची घागर सोडून.

४. त्या घागरीविषयी. आमच्या बोळात पाणी चार-पाच दिवसांआड येतं. सार्वजनिक नळापुढे माणसं नाही, घागरी उभ्या असतात. जिची घागर, तिचा नंबर. शेजारची गुरम्मा वारली त्या दिवशी तिची घागर रांगेत होती. ती बाजूला काढायला कुणाचा हात होईना. बायकांनी भरून ठेवली. पुढच्या पाण्यालाही भरली. गुरम्माला जाऊन वर्षं लोटली, घागर अजून रांगेत आहे. दर वेळी भरतात, आणि सकाळपर्यंत ती रिकामी होते.

मी घरोघर विचारलं. चंद्रिका म्हणाली, "मी कुटं मानते बाई? पर बाकीचे लई मानतात की." प्रत्येक घराने हेच सांगितलं. मी वर्गात हे शिकवत असे: मानत कुणीच नाही, पण न मानणारे आपण एकटेच असं प्रत्येकाला वाटतं, म्हणून रूढी टिकते. मुलांना हे उदाहरण फार आवडायचं.

बोरामणीकरांना पटलं नाही. "पाणी फुकट आहे, कुणीतरी नेतंय. मागणी मोडून दाखवतो," म्हणाले, आणि भरल्या घागरीत त्यांनी मुठी भरभरून मीठ टाकलं. सकाळी घागर रिकामी. बोळात कुणाचाही चहा खारट झाला नाही. तेव्हापासून ते माझ्याकडे येताना नळाच्या बाजूने चालत नाहीत.

५. गेल्या पावसाळ्यात मला दवाखान्यात नेलं, तेव्हा माझी घागर रांगेत होती. महिनाभर घराला कुलूप. परत आले तर ती तिथेच, गुरम्माच्या मागे, काठोकाठ भरलेली. "दर पाण्याला भरली बाई, सकाळी रिकामी व्हायची. आमाला वाटलं, तुमचंच कुनीतरी नेतंय," चंद्रिका म्हणाली. माझं इथे कुणी नाही, हे तिलाही ठाऊक आहे.

मला भीती वाटते, हे सरळच लिहिते. गुरम्मा मरूनही सुटली नाही. आम्ही सगळ्यांनी एकमेकांना घाबरून तिला रांगेत उभं ठेवलं आहे. मला तसं उभं राहायचं नाही.

म्हणून मी गेल्यावर, नळाला पाणी येण्याआधी, सईने माझी घागर मोडीत घालावी. बोळ काय म्हणेल, याकडे पाहू नये. मी स्वतःच घालणार होते. घरी आणून पलंगाशी ठेवलीही. पण माझाही हात होईना.

६. हे लिहीत असतानाच पाणी आलं. घागर पलंगाशीच आहे, रिकामी. खालून चंद्रिकाने हाक मारली, "बाई, भरली बगा तुमची घागर! पुढं सरकवते!"

दोन्ही साक्षीदारांनी हाक ऐकली आहे. त्यांनी पलंगाजवळची घागर हात लावून पाहावी, आणि जे असेल ते लिहून सही करावी.

(सही) पद्मजा द. वैरागकर
सोलापूर, १८ एप्रिल २०२५

साक्षीदार:

१. शरच्चंद्र बोरामणीकर. घागर खोलीत आहे. आतून ओली आहे.

२. बसवराज वळसंगे, किराणा दुकानदार. घागर हितंच हाय. मी काय मानत न्हाय, पर बाकीचे मानतात की.