वाणात गेलेल्या जाळ्या

नागपूर, मंगळवार

तीर्थरूप सुभद्राआत्यास अपेक्षाचा वाकून नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? तुझा हर्षित शाळेत जातो ना? (फोनच केला असता, पण तुझा फोन कायम स्पीकरवर आणि ऐकायला अख्खी आळी.) माझं विचारशील तर माझा प्रबंध बुडून राहिला, आत्या!

तुला ठाऊकच आहे, दसऱ्याला आम्ही नाल्याअलीकडच्या गावात पाण्याच्या ड्रमांना झाकायला जाळ्या दिल्या, फाटल्या तर म्हणून जादाच्याही, आणि पलीकडे तुमच्या गावात मुद्दाम दिल्या नाहीत. दोन्हीकडे डासांच्या अळ्या आणि डेंग्यू किती, ते वर्षभर मोजायचं. खरं तर जाळ्या कुठल्या गावाला, हे चिठ्ठी टाकून ठरवायला हवं होतं. पण अलीकडचे सरपंच चंद्रभानजी अडून बसले, "चिठ्ठी काहून टाकता जी? आमच्या गावाले देता त द्या, नाही त रस्ता मोकळा!" म्हणून आमचा अभ्यास बिनचिठ्ठीचा. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, चालेल, फक्त गावं सारखी हवीत आणि एकही जाळी नाला ओलांडता कामा नये. (सर केरळचे. अलीकडच्या निम्म्या लेकी पलीकडे दिल्यात, हे त्यांना मीच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.)

मग आली संक्रांत. घरोघरी अळ्या मोजणाऱ्या आमच्या प्रयागबाईने सरांना थेट फोन लावला, "सर, बायांनी जादाच्या जाळ्या लुटल्या!" सर पोलिसांत जायला निघाले. हळदीकुंकवाला वाण लुटतात म्हणजे वाटतात, हे समजावता समजावता माझा अख्खा तास गेला. समजल्यावर तर चोरी परवडली असती, म्हणाले. आता तुमच्याकडे त्रेचाळीस ड्रम झाकलेले, अळ्या दोन्हीकडे घटलेल्या, आणि तुलना करायला गावच उरलं नाही. काहून वं बायांनो, बाजारातल्या वाट्या संपल्या होत्या का?

येत्या सोमवारी सर स्वतः तुमच्या गावात येणार आहेत, पहिली जाळी कुठून आली ते विचारायला. मले भारी भेव वाटून राहिलं.

तुझी,
अपेक्षा

ता. क. तुला विचारलं तर सगळं संक्रांतीवर ढकलशील ना?

दुसरा ता. क. नको, राहू दे. हर्षित डेंग्यूतून उठला तेव्हा, दिवाळीतच, तुझ्या ड्रमवर पहिली जाळी मी लावली आणि नोंदीत 'जाळी नाही' लिहिलं. तीच पाहून अलीकडच्या बायांना वाणाचं सुचलं. हे सरांना तूच सांग, माझ्या तोंडून निघत नाही. आणि त्याआधी मी घाबरून फोनवर "जाळी काढून ठेव" म्हटलं, तर माझं मुळीच ऐकू नकोस.