तळघराची खिडकी

प्रिय इंग्रिड,

"बाबा, तुम्ही उगाच घाबरता!" म्हणत काल फोन आपटलास, म्हणून हे कागदावर. हार्वेस्टर शेतात तसाच उभा आहे, अर्धा मका काढायचा राहिलाय, आणि मी स्वयंपाकघरात पत्र लिहीत बसलोय. आज याला झालंय काय म्हणून तुझी आई दोनदा डोकावून गेली.

तुमच्या त्या कॉलेजच्या गावाची तऱ्हाच न्यारी! राहायला जायचं पुढच्या ऑगस्टात आणि भाडेकरारावर सह्या या ऑक्टोबरात. उशीर केला तर बरी घरं हातची जातात, मान्य. पण तुम्ही चौघींनी टोपीत चिठ्ठ्या टाकून खोल्या वाटल्या, तुला तळघर आलं, आणि तू लगेच भिंतीचा रंगही ठरवलास. लहानपणापासून अशीच तू. मांजर घरात यायच्या आधी तिचं बारसं झालेलं असायचं.

शनिवारी मी मॅचला आलो होतो ना, ते खोटं. कसली मॅच! ते घर बघायला गेलो होतो. सध्या तळघरात राहतो तो टोबी मोठा गोड पोरगा. "या काका, बसा!" म्हणत पॉपकॉर्न पुढे केले. जिन्याखाली गॅसवर पाणी तापवायची टाकी, तिला लागूनच खोलीचं दार, आणि पार छताला चिकटून ती खिडकी. मी म्हटलं, "बाळा, यातून बाहेर निघून दाखवतोस?" तो म्हणाला, "लावता पैज?" खुर्चीवर चढला. डोकं गेलं, एक हात गेला, आणि खांदे अडकले. तुझ्याच अंगलटीचा आहे गं तो, काटकुळा. पाय झाडत खिदळत होता, "ओढा काका, ओढा!" मी आत ओढून काढला. तो हसतच होता, आणि मी त्याचं मनगट धरूनच खाली बसलो. शेवटी त्यानंच घाबरून मला पाणी आणून दिलं.

घरमालकाला गाठलं, तर म्हणे, "अहो, इतकी वर्षं पोरं राहतायत, कुणाला काही झालं नाही." 

शुक्रवारी सह्या आहेत. एकाच करारावर चौघींनी करायच्या, म्हणजे तू अडून बसलीस तर मैत्रिणी चिडणार, ब्रुक तर तोंड फिरवेल, कळतं मला. खुशाल सांग त्यांना, आमचा बाप खुळा आहे. वरच्या हॉलमध्ये पडदा लावून झोप. पडदा मी येऊन ठोकतो. पण खाली झोपू नकोस गं, पाया पडतो तुझ्या.

गावच्या अग्निशमन दलात मी कित्येक वर्षं होतो. सायरन वाजला की भरल्या ताटावरून उठायचो. मग एकदम सोडलं. गुडघा गेला असं तुला सांगितलं, तुझ्या आईलाही. तू शाळेतून आलीस की बर्फाची पिशवी धरून माझ्या पायाशी बसायचीस. इंग्रिड, गावातल्या लिंडांचं घर जळालं, तेव्हा त्यांची थोरली मुलगी तळघरात झोपलेली होती. खिडकी एवढीच. तिचा हात बाहेर आला होता, माझ्या हातात होता. मी ओढत होतो आणि ती माझ्याशी बोलत होती. मग बोलायची थांबली. माझा गुडघा ठणठणीत आहे, पोरी. त्याला कधीच काही झालं नव्हतं.

तुझाच घाबरट,
बाबा