पारावर आता बायाच

पोंभुर्णा, मंगळवार, सायंकाळ

आजही चिंचेखालच्या पारापाशी जाऊन मागं फिरत होतो. पूर्वी आम्ही आठ गडी तिथं बसायचो. तंबाखूची डबी फिरायची, दौलत सगळ्यांना हसवायचा. बाया समोरून जाताना आमचा मान म्हणून चप्पल हातात घ्यायच्या. आता सात गडी गेले. पारावर त्यांच्या बायकाच बसतात आणि खाली मी एकटा. मीच चप्पल काढावी की काय?

दौलतची शेवंताबाई ओरडली, "भाऊ, पळून काऊन राह्यले जी? आमी काई खात नाई तुमाले!"

सगळ्या हसल्या. बसलो, दौलतच्याच जागी. तिथला दगड अजून गुळगुळीत आहे.

"शांताबाईले कधी आणता?" तिनं विचारलं.

माझी बायको शांता कधी अंगणाबाहेर बसली नाही. मीच बसू दिलं नाही. गडी आधी जातात, हे तर पारावर दिसतंच आहे. मग माझ्यामागं ती कोणाशी बोलेल? दौलतच्या जागेवर बसून हेच मनात घोळत राहिलं.

घरी येऊन म्हटलं, "उद्या पारावर चाल माह्यासंग."

"गड्यायच्या बैठकीत मी काय करू?"

"गड्यायत मीच उरलो," एवढंच म्हणालो.

तिनं पेटीतून घडीचं लुगडं काढून ठेवलं.