सात नंबरची स्लीपर

२ एप्रिल, पहाटे ५.१०
रोजनिशी सुरू. हार्डवेअरच्या दुकानात माझं टॅलेंट गंजत चाललंय, हे आज मान्य केलं. काल मोबाइलवर पाहिलं, टाकाऊ प्लास्टिकचे स्लीपर बनतात. रेल्वेच्या रुळांखाली आडवे टाकतात, ते. आपल्या कुंभार पिंपळगावात प्लास्टिकला तोटा नाही आणि परतूरला रूळ आहेत. मधलं सगळं मी बघणार.
संकल्प: रोज पाचला उठणे.

३ एप्रिल, सकाळी ८.४०
उशीर. डास होते.
वंदनाला प्रोजेक्ट सविस्तर समजावणार होतो, पण ती भाकरी थापत होती. ‘प्लास्टिक जमवून स्लीपर बनवतोय’ एवढंच सांगितलं. एकदम खूश. म्हणाली, गटातल्या बायांना कामाला येतील. बायांना रेल्वेची इतकी काळजी असते हे ठाऊक नव्हतं. वंदना बचत गटाची अध्यक्ष आहे, अकरा वर्षं. तिच्या शब्दावर बाया डोळे झाकून चालतात. फुकटची पब्लिसिटी.

९ एप्रिल
ग्रामपंचायतीचा शिपाई कचरू भोंग्यावरून ओरडला, “प्लास्टिक आणून द्या, स्लीपर बनून राह्यल्यात.” दुपारपर्यंत ओटा भरला. शेजारच्या सगुणाबाई दोन पोती घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “माझा सात नंबर. बराबर लिहून ठिवा.” रांगेतला नंबर असणार. पण पुढे सात नंबर अकरा जणींनी मागितला. असो, वहीत सगळे लिहून घेतले. एकूण एक्केचाळीस.
बाया स्लीपर शब्द स्त्रीलिंगी वापरतात. व्याकरण पुढच्या टप्प्यात सुधारू.
रात्री वंदना म्हणाली, “माझ्या शब्दावर देऊन राह्यल्यात. मला खाली बघायला लावू नका.” मी हसलो.

१७ एप्रिल
जालना एमआयडीसीतल्या एका वेल्डरकडून लोखंडी साचा करून आणला. प्लास्टिक वितळवायला रामरावची, म्हणजे थोरल्या भावाची, गूळ करायची काहील घेतली. तो धावड्याला लग्नाला गेल्यामुळे विचारता आलं नाही. निर्णय जल्दी घ्यावे लागतात.

२० एप्रिल
पहिला स्लीपर निघाला. काळा, वजनदार, जरासा वाकडा. रेल्वेलाही वळणं असतातच. धूर फार झाला. समोरच्या झुंबरबाईंनी वाळत घातलेल्या कुरडया घरात नेल्या आणि मला गावाबाहेर जायला सांगितलं.

२१ एप्रिल
रामराव आला. काहिलीच्या बुडाला प्लास्टिक बसलंय. त्याने अर्धा तास खरवडलं आणि काहील उचलून नेली. त्याला व्हिजन आधीपासूनच कमी.

२८ एप्रिल
लोड टेस्ट. भरलेली ट्रॉली स्लीपरवरून नेली. तुटला नाही, वाकला. परत सरळ झाला नाही. लवचीकपणा सिद्ध.

६ मे
स्लीपर टेम्पोत घालून परतूर स्टेशन. तिथले साहेब भले माणूस. म्हणाले, रुळांखाली आता सिमेंटचे असतात, प्लास्टिकचे घ्यायचे तर मोठ्या कारखान्याचे, तपासून, मंजुरी घेऊन. म्हणजे विषय त्यांच्या डोक्यात आहे. हे आधी उचला, कुणीतरी अडखळून पडेल, असं दोनदा म्हणाले. सुरक्षेची जाण असलेला माणूस.
परतताना ऊन फार. स्लीपर टेम्पोच्या फाळक्यावरून खाली लोंबला.

१० मे
सकाळीच बाया आल्या. सगुणाबाई पुढे. “आमच्या स्लीपरा कवा मिळून राह्यल्या? उन्हानं पाय पोळलेत.”
मला काही कळेना. मी अभिमानाने स्लीपर दाखवला. सगुणाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग शेजारी आपलं पाऊल ठेवून पाहिलं.
“ही कोणाच्या पायाची?”
तेव्हा कळलं. वहीतले सगळे नंबर पायांचे होते. कुणी हसलं नाही, ते जास्त लागलं. सगळ्या बाया वंदनाकडे बघत राहिल्या. तिने पदर सावरला आणि मान खाली घातली.

११ मे
वंदनाने गटाच्या वह्या कपाटातून काढल्या. उद्यापासून गटाची बैठक आपल्या ओट्यावर नाही, दुसरीकडे आहे म्हणे.
चूक इंग्रजांची आहे. पायात घालायची तीही स्लीपर, रुळाखालचा तोही स्लीपर, रेल्वेत झोपायचा डबा तोही स्लीपर. यावर सरकारला पत्र लिहिणार.

१३ मे
पत्र उद्या. आज ऊन आहे.

१९ मे
वंदना काल वही घेऊन एकटीच जालन्याला गेली होती. उरलेलं प्लास्टिक भंगारात घातलं आणि एक्केचाळीस जोड घेऊन आली, प्रत्येकीच्या नंबराचे. खिडकीजवळची तिची शिलाई मशीन जागेवर नाही.
बाया यायच्या आत एवढंच म्हणाली, “तुम्हीच बनवल्या असं सांगते. माझ्या नवऱ्यावर गाव हसलेलं मला चालायचं न्हाई.”
सगुणाबाईंनी सात नंबर घातली, अंगणात चार पावलं चालून पाहिली आणि म्हणाल्या, कल्याणराव, लई चांगली बनवली.
मी हो म्हणालो.